आचार्य राय आणि बंगालचे पूर

सप्टेंबर १९२२ मध्ये उत्तर बंगाल जलमय झाला, तेव्हा आचार्य प्रफुल्लचंद्र राय एकसष्ट वर्षांचे होते. आदल्याच वर्षी खुलन्याच्या दुष्काळासाठी त्यांनी झोळी फिरविली होती. आता बंगाल साहाय्य समितीची धुरा त्यांच्याकडे आली. कलकत्त्याच्या ज्या सायन्स कॉलेजात हा ब्रह्मचारी रसायनशास्त्रज्ञ शिकवी आणि राहीही, तेथेच समितीचे ठाणे पडले. विद्यार्थी स्वयंसेवक झाले. मेघनाद साहांसारखे पदार्थवैज्ञानिक मदतीस आले. तरुण सुभाषचंद्र बोस पूरग्रस्त भागात गेले.

पण राय केवळ धान्य-कपडे पाठवून थांबले नाहीत. पाणी एवढे तुंबलेच का, असे त्यांनी विचारले. रेल्वेचे उंच भराव आणि त्यांतील अपुऱ्या मोऱ्या हे त्याचे कारण त्यांनी उघडपणे मांडले. सरकारच्या रोषाची तमा त्यांना नव्हती. पाणी ओसरल्यावर त्यांनी पूरग्रस्तांच्या हाती चरखे दिले. वैज्ञानिकाचे चरख्याशी काय नाते, असे ज्यांना वाटते, त्यांनी पीक बुडालेल्या शेतकऱ्याचे रिकामे हात आठवावेत.

१९३१ मध्ये बंगालात पुन्हा महापूर आला आणि सत्तरीचे आचार्य पुन्हा उभे राहिले. १९२१ पासूनचे आपले वेतन त्यांनी विद्यापीठालाच दिले होते. १९४४ साली ते निवर्तले, तेही कॉलेजातील आपल्या खोलीतच.