विमानविद्येची पायवाट रुंद करणाऱ्या मेरी जॅक्सन

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे नासा या अंतराळ संस्थेचे मुख्यालय आहे. २०२१ पासून ती वास्तू मेरी जॅक्सन यांच्या नावाने ओळखली जाते. ज्या कृष्णवर्णीय स्त्रीचे हे नाव, तिने सरकारी विमान संशोधनाच्या सेवेत प्रवेश केला तेव्हा तिला गोऱ्यांपासून वेगळ्या विभागात बसावे लागले होते. अभियंता होण्यासाठी ज्या वर्गात शिकायचे, त्या वर्गात पाऊल टाकण्याकरिताही तिला परवानगी मागावी लागली होती. कळमन्याच्या आमच्या निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या आणि आज येथे शिकत असलेल्या मुलामुलींपुढे हे चरित्र ठेवावे, असे आम्हांस वाटले.

मेरी विन्स्टन यांचा जन्म ९ एप्रिल १९२१ रोजी व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन या गावी झाला. त्या राज्यात काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. बसमधील आसने, भोजनगृहे, पाणी पिण्याच्या जागा यांचीही तीच गत होती. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेव्हा या मुलीला सहा वर्षेही पुरी झाली नव्हती. तळे आणि पाणपोई यांत समुद्रांचे अंतर असले, तरी त्या अपमानाची जात आमच्या वाचकांना वेगळी सांगावयास नको.

शालेय शिक्षण त्यांनी सर्वोच्च गुणवत्तेने पूर्ण केले. पुढे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमधून १९४२ साली गणित आणि भौतिक विज्ञान या विषयांत पदवी मिळविली. पण एवढ्या पदवीला साजेसे काम कोठे होते? एक वर्ष त्यांनी मेरीलँड राज्यातील काळ्यांच्या शाळेत गणित शिकविले. नंतर स्वागतिकेचे काम केले, हिशेबाच्या वह्या लिहिल्या, लष्करी कार्यालयात लेखनिकाची नोकरी केली. याच काळात लेव्ही जॅक्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुत्रप्राप्तीनंतर काही काळ त्या घरीही राहिल्या.

१९५१ साली हॅम्प्टनच्याच लँगली विमान संशोधन केंद्रात त्यांना ‘संगणक’ या पदावर घेण्यात आले. तेव्हा संगणक म्हणजे यंत्र नव्हे. संशोधकांसाठी आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांच्या पदालाच ते नाव होते. काळ्या स्त्रियांचा विभाग केंद्राच्या पश्चिमेकडे होता आणि डोरोथी व्हॉन या कर्तबगार स्त्री त्याच्या प्रमुख होत्या. एकदा मेरी यांना पूर्वेकडील विभागात कामासाठी पाठविले गेले. तेथे आपल्यासाठी स्वच्छतागृह कोठे आहे, असे त्यांनी गोऱ्या सहकारी स्त्रियांना विचारले, तेव्हा उत्तराऐवजी हसू मिळाले. तो संताप त्यांनी काझिमिएर्झ चार्नेकी या अभियंत्यापाशी बोलून दाखविला. चार्नेकी यांनी कोरडी सहानुभूती न दाखविता आपल्याच हाताखाली काम करण्याचे निमंत्रण दिले. १९५३ पासून मेरी त्यांच्यासोबत काम करू लागल्या.

हे काम होते वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे विंड टनेलमध्ये. चार फूट रुंद आणि चार फूट उंच अशा त्या बोगद्यात ६० हजार अश्वशक्तीच्या बळावर ध्वनीच्या जवळपास दुप्पट वेगाने वारा सोडला जाई आणि विमानाच्या लहान प्रतिकृतींवर त्याचा परिणाम मोजला जाई. मेरी यांचे कौशल्य ओळखून चार्नेकी यांनी त्यांना अभियंता होण्याचा सल्ला दिला. त्यासाठी उच्च गणित आणि भौतिकशास्त्राचे वर्ग करणे आवश्यक होते. व्हर्जिनिया विद्यापीठाचे हे सायंकालीन वर्ग गोऱ्यांच्या हॅम्प्टन हायस्कूलमध्ये भरत. मेरी यांनी नगर प्रशासनाकडे विशेष परवानगी मागितली आणि ती मिळविली. ज्या शाळेचे दार जन्मभर बंद होते, ती आतून पाहताच त्या चकित झाल्या. इमारत अगदी मोडकळीस आलेली होती. दोन वेगळ्या शाळा चालविण्याच्या हट्टापायी गोऱ्यांच्या मुलांच्याही वाट्याला पडके वर्ग आले होते. विषमता ही ती लादणाऱ्यालाही दरिद्री करते, याचा याहून ठळक पुरावा कोणता हवा?

१९५८ साली त्या अभियंता झाल्या. नासाच्या इतिहासातील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री अभियंता त्याच होत. त्याच वर्षी चार्नेकी यांच्यासह त्यांचा पहिला संशोधन अहवाल प्रसिद्ध झाला. विमानाच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो. तो शांतपणे वाहिला तर रोध कमी होतो. त्यात खळबळ माजली की रोध आणि उष्णता दोन्ही वाढतात. शंकूच्या टोकाचा कोन आणि वेग बदलला असता ही खळबळ कोठून सुरू होते, याचा त्या अहवालात शोध होता. अतिवेगवान विमानांच्या रचनेत हे ज्ञान मोलाचे असते. पुढील काळात त्यांच्या नावे सुमारे डझनभर अहवाल जमा झाले. आणि योगायोग असा की, त्याच १९५८ साली काळी मुले गोऱ्यांच्या शाळांत येऊ नयेत म्हणून व्हर्जिनिया सरकारने काही शाळांना टाळे ठोकले होते.

प्रयोगशाळेबाहेरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी मुलींच्या स्काउट पथकाचे नेतृत्व केले. १९७० च्या दशकात आपल्या वस्तीतील मुलांना हाताशी धरून त्यांच्याकडून वाऱ्याचा छोटा बोगदा तयार करून घेतला. विज्ञान हे आपल्यासाठी नाही, अशी समजूत त्या मुलांच्या मनातून काढणे हाच त्यामागील उद्देश होता.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण निर्णय मात्र १९७९ चा. अनेक वर्षे गुणवत्तापूर्ण काम करूनही वरिष्ठ व्यवस्थापनाची दारे त्यांच्यासाठी उघडली नाहीत. तेव्हा त्यांनी अभियंत्याचे पद सोडले, पदावनती स्वीकारली आणि केंद्रातील स्त्रियांच्या प्रगतीसाठी असलेल्या कार्यक्रमाची सूत्रे हाती घेतली. स्त्री गणितज्ञ, अभियंते आणि वैज्ञानिक यांची भरती व बढती व्हावी, यासाठी त्या १९८५ मध्ये निवृत्त होईपर्यंत झटल्या. कष्टाने मिळविलेली पायरी दुसऱ्यांसाठी उतरणे सोपे नसते. ११ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांचे निधन झाले. जगाला त्यांची खरी ओळख २०१६ च्या एका पुस्तकाने आणि चित्रपटाने झाली. २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक त्यांना मरणोत्तर जाहीर झाले.

१९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी व्यक्त केलेली खंत आमच्या समाजाला ठाऊक आहे. शिकून वर गेलेला माणूस मागे वळून पाहत नाही, हीच ती खंत. मेरी जॅक्सन यांचे जीवन म्हणजे जणू त्या खंतीला दिलेले उत्तर होय. पहाटेपासून कळमन्याच्या बाजारात राबून लेकरांना शिकविणाऱ्या पालकांना आम्ही इतकेच सांगू, की मुलीने गणित मागितले तर तिला अडवू नका. आणि जे माजी विद्यार्थी आज स्थिरावले आहेत, त्यांनी आपल्याला उघडलेले दार आपल्या मागे बंद होऊ देऊ नये.