गल्लीबोळांतले गेडिस

बँकेत घरकर्जाचे कागद तपासण्यात माझी नोकरी गेली. खरं सांगायचं तर घरं मी नकाशावरच जास्त पाहिली. त्यामुळेच असेल, पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराबद्दल मला आदर वाटतो आणि थोडी लाजही.

२ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत डोळे बिघडले, सूक्ष्मदर्शकाचं काम अवघड झालं. पुढे लक्ष शहरांकडे वळलं. १८८६ मध्ये लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवराबायको एडिंबरातल्या एका पडक्या, गलिच्छ चाळवजा इमारतीत मुद्दाम राहायला गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून साफसफाई, रंगरंगोटी सुरू केली.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. नगररचनेचं त्यांचं प्रदर्शन ज्या बोटीवर होतं ती जर्मनांच्या एम्डेननं बुडवली. दुसरं प्रदर्शन जमवलं! त्या काळी प्लेग आला की जुनी वस्ती पाडून सरळ रस्ता काढायचा, हा साहेबी इलाज. उठवलेली माणसं मग पलीकडच्या वस्तीत दाटी करत. गेडिस आधी पायी गल्लीबोळ हिंडत. दोन-चार मोडकी घरं तेवढी काढायची, चौक मोकळा करायचा, झाड-विहीर राखायची. खर्च कितीतरी कमी आणि बेघर थोडे.

१९१७ साल वाईट गेलं. मुलगा फ्रान्समध्ये युद्धात पडला. पत्नी इथे अंथरुणाला खिळलेली. तिला ही बातमी त्यांनी कळूच दिली नाही. थोड्याच दिवसांत तीही गेली. तरी काम चालूच.

होळकरांच्या इंदुरात प्लेग होता. गेडिसनी दिवाळीला मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं, की जो रस्ता सर्वांत स्वच्छ, तिथूनच ती जाईल. झालं! घरोघरचा कचरा गाड्या भरभरून निघाला, भिंतींना रंग लागले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती आणि हार घातलेले सफाई कामगार मानानं चालत होते. इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ चा.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्यांनी सुरू केला. आपले डॉ. गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये गेडिस वारले.

आपल्याकडे दुरुस्ती की पुनर्विकास, हा वाद दोन वर्षं चालू आहे. मीही सभेत तावातावानं बोललो आहे. पण बी विंगच्या मागच्या बोळात, गळक्या पाइपांपाशी, कधी गेलो नव्हतो. समारंभानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी गेटपाशी यावं. चप्पल जुनी घाला, तिथे चिखल असतो म्हणतात.