मेजर रॉबर्ट गिल : कुंचला आणि कॅमेरा
अजिंठ्याचे चित्रवैभव जगापुढे नेणाऱ्यांत मेजर रॉबर्ट गिल (१८०४–१८७९) यांचे स्थान अग्रगण्य आहे. मद्रास सैन्यातील या चित्रकार अधिकाऱ्यास ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमले. रानातील एकांत व अंधारी लेणी यांना न जुमानता त्यांनी वर्षानुवर्षे भव्य तैलचित्रे रंगविली. पुढे छायाचित्रणाचे नवे शास्त्रही आत्मसात केले. अजिंठा व आपल्या वेरूळची त्यांची ७४ छायाचित्रे १८६४ साली ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी तेथील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक तैलचित्रे भस्मसात झाली. ग्रंथातील छायाचित्रे मात्र उरली. भुसावळ येथे चिरविश्रांती घेणाऱ्या या साधकाचे जीवन एवढेच शिकविते, की वारशाची नोंद एकाच ठिकाणी ठेवून भागत नाही.