जे. आर. डी. टाटा : अनुभवातून घडलेला वैमानिक

विमान चालवण्याची विद्या केवळ ग्रंथ वाचून हस्तगत होत नाही. प्रत्येक उड्डाणानंतर वैमानिक आपल्या नोंदवहीत दिनांक, मार्ग आणि वेळ लिहितो. या तासांच्या बेरजेवरून त्याचा अनुभव मोजला जातो. आज आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. मोठ्या प्रवासी विमानाचे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्यास १,५०० तास लागतात. भारतात या व्यवसायाची वाट ज्यांनी प्रथम रुळवली, त्यांत जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे नाव अग्रभागी आहे.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, तर आई फ्रेंच होती. बालपणी फ्रान्सच्या समुद्रकिनारी त्यांनी विमाने पाहिली आणि आकाशाची ओढ मनात रुजली. केंब्रिजला जाऊन शिकावे, ही त्यांची इच्छा होती. परंतु १९२५ मध्ये वडिलांनी त्यांना टाटा उद्योगात बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी वडिलांचे निधन झाले आणि भावंडांची जबाबदारी तरुण जेआरडींवर पडली. विद्यापीठाची पदवी मिळवण्याचे राहून गेले. ही खंत त्यांना आयुष्यभर वाटत राहिली. परंतु शिकणे त्यांनी कधी थांबवले नाही.

१९२९ च्या प्रारंभी ते मुंबईच्या जुहू येथे विमान चालवण्यास शिकू लागले. थोड्याच दिवसांत त्यांनी एकट्याने उड्डाण केले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या अशा परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

परवाना मिळाला, तरी दूरच्या प्रवासाचा अनुभव अद्याप यायचा होता. १९३० मध्ये आगाखान यांनी इंग्लंड आणि भारत यांदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या भारतीयासाठी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले. सतरा वर्षांचे अ‍ॅस्पी इंजिनियर विरुद्ध दिशेने भारताकडे येत होते. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पींना आपल्या इंजिनासाठी स्पार्क प्लगची गरज होती. प्रतिस्पर्धी तेथेच अडकून राहिला असता, तर जेआरडींचा विजय सोपा झाला असता. तरीही त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. अवघ्या काही तासांच्या फरकाने अ‍ॅस्पी जिंकले. हेच अ‍ॅस्पी पुढे १९६० मध्ये भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले.

या अनुभवाचा खरा कस टपालसेवेत लागला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचे छोटे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमानात रेडिओ नव्हता. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणाऱ्या खुणा यांवरच भिस्त होती. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरे, तेव्हा विमाने पुण्यातील येरवड्याहून उडत. अशा स्थितीतही टपाल वेळेवर पोहोचले पाहिजे, असा जेआरडींचा कटाक्ष असे. १९३८ मध्ये ही सेवा तंजावरशेजारच्या तिरुचिरापल्लीमार्गे कोलंबोपर्यंत पोहोचली.

या टपालसेवेतूनच १९४६ मध्ये ‘एअर इंडिया’ उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी तिचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. १९५३ मध्ये ही सेवा सरकारच्या ताब्यात गेली. तरी जेआरडी १९७८ पर्यंत तिचे अध्यक्ष राहिले. विमानातील स्वच्छतेपासून वेळापत्रकापर्यंत प्रत्येक गोष्टीकडे ते स्वतः लक्ष देत.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी जुन्या बनावटीच्या छोट्या विमानातून कराची-मुंबई हा प्रवास पुन्हा केला. १९९२ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ हा सन्मान लाभला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

जेआरडींपाशी पदवी नव्हती. परंतु एकेका उड्डाणातून मिळवलेले ज्ञान होते. आजही प्रशिक्षणार्थी वैमानिक आपल्या नोंदवहीत पहिला तास लिहितो, तेव्हा तो त्याच वाटेवर पाऊल टाकत असतो.