फॅनी बुलक वर्कमन
मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नरपद भूषविलेल्या अलेक्झांडर बुलक यांच्या या कन्येचा जन्म १८५९ सालचा. डॉ. विल्यम हंटर वर्कमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रकृतीमुळे पतीने वैद्यकी सोडल्यावर उभयतांनी सायकलवरून देशाटन आरंभिले. अल्जीरियातील ॲटलास पर्वत ओलांडून सहारापर्यंत केलेल्या प्रवासाचा त्यांचा ग्रंथ १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या उजाड डोंगरवाटा फॅनीबाईंनी पतीच्या बरोबरीने, स्वतःच्या सायकलवरून पार केल्या. पुढे हिंदुस्थानही त्यांनी असाच पाहिला आणि हिमालयाची ओढ लागली. तेथील मोहिमांत एकाने व्यवस्था व दुसऱ्याने शास्त्रीय काम पाहावे, पुढील खेपेस कामे बदलावीत, असा या दांपत्याचा शिरस्ता होता. १९१२ साली सियाचीनच्या हिमप्रदेशात, सुमारे २१,००० फुटांवर, स्त्रियांना मताधिकार मागणारे वृत्तपत्र हाती धरून त्यांनी छायाचित्र काढवून घेतले. १९२५ मध्ये त्या निवर्तल्या. मृत्युपत्राने त्यांनी चार महिला महाविद्यालयांना देणग्या ठेवल्या होत्या.