फादर थॉमस स्टीफन्स व घरोघरचें पुराण

देवळाच्या महोत्सवप्रसंगीं ज्यांनीं भिंती उभारिल्या, घंटा अर्पण केल्या, त्यांचीं नांवें आपण आदरानें घेतों. परंतु ज्यांचें कार्य देवळांत सुरू होऊन घराच्या ओटीवर येऊन पोंचलें, अशा एका धर्मगुरूंचें स्मरणही आम्हांस या पानांवर करावेंसें वाटतें. ते म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

त्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. त्यांच्या तरुणपणीं त्या देशांत कॅथोलिक धर्म उघडपणें पाळणें धोक्याचें होतें. १५७५ सालीं रोम येथें ते येशूसंघांत दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरले. आल्याबरोबर त्यांनीं वडिलांस प्रवासवर्णनाचें लांबलचक पत्र धाडिलें. मायदेश मात्र त्यांस पुनः दिसला नाहीं. पुढील चाळीस वर्षें बहुतांशीं साष्टी प्रांतांत गेलीं.

तो काळ सोपा नव्हता. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें त्यांचे पांच संघबंधू मारले गेले. त्यापूर्वीं पोर्तुगीज सत्तेनें साष्टींतील मंदिरें पाडिलीं होतीं, हेंही लपवूं नये. नव्या ख्रिस्ती लोकांचे जुने ग्रंथ सुटले, पुराणश्रवण सुटलें, आणि हातीं उरली ती प्रश्नोत्तरांची धर्मशिकवण. आमचें म्हणून वाचावयास कांहीं द्या, अशी त्यांची मागणी होती. पुराणाच्या आरंभीं फादरांनीं ती एका ब्राह्मणाच्या मुखीं घातली आहे. ती त्यांनीं मनावर घेतली. ज्ञानदेव-एकनाथांच्या ओंवीछंदांत सुमारें ११,००० ओंव्या रचून त्यांनीं सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा मराठींत सांगितली. देशी लिपीचे खिळे मिळावेत म्हणून १६०८ सालीं त्यांनीं वरिष्ठांस लिहिलेंही होतें. ते मिळाले नाहींत, म्हणून १६१६ सालीं राचोल येथें ग्रंथ रोमन लिपींत छापिला. तीन वर्षांनीं ते निवर्तले.

ग्रंथ १६४९ व १६५४ सालीं पुनः निघाला. परंतु या तिन्ही आवृत्तींची एकही छापील प्रत आज कोठें असल्याचें माहीत नाहीं. १६८४ सालीं तर व्हाइसरॉयनें देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचें फर्मान काढिलें. मग हें पुराण वांचलें कसें? कुटुंबांनीं तें हातानें उतरून घेतलें म्हणून! सणावारीं देवळांत आणि घरीं तें वाचिलें जाई. गोव्याहून जीं घराणीं कानडा किनाऱ्यास गेलीं, त्यांनीं तें सोबत नेलें. १७८४ सालीं टिपू सुलतानानें मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांस श्रीरंगपट्टणास नेलें. त्या बंदिवासांत हेंच पुराण आपल्या पूर्वजांचा आधार झालें, अशी तेथील घराण्यांची परंपरागत आठवण आहे.

अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें सल्डान्हा यांनीं ग्रंथ पुनः छापिला. फादरांस हवी होती ती देवनागरी आवृत्ति मात्र १९५६ सालीं पुण्यास श्री. शांताराम बंडेलू यांनीं काढिली. तोंवर त्या मागणीस साडेतीनशें वर्षें होत आलीं होतीं.

आमच्या धर्मग्रामांतही कोणाच्या पेटींत आजोबांच्या हातची गीतांची वा प्रार्थनांची वही असेल. ती जीर्ण झाली म्हणून टाकूं नये. आम्हांस दाखवावी, आम्हीं ती उतरून घेऊं.