फ्रँक हर्ली : तीन रोल आणि एक छोटा कॅमेरा

प्रवासात जादा कॅमेरा सोबत असावा की नसावा, हा प्रश्न एरवी सामानाच्या वजनापुरताच असतो. ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांच्या बाबतीत मात्र एका थरारक मोहिमेचा अखेरचा अध्याय जगाला दिसणार की नाही, हे त्यावर ठरले.

हर्ली यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८८५ रोजी सिडनीत झाला. तेराव्या वर्षी त्यांनी घर सोडले आणि पोलादाच्या कारखान्यात काम धरले. पुढे पंधरा शिलिंगांचा कोडॅक कॅमेरा आठवड्याला एक शिलिंग देऊन त्यांनी विकत घेतला. १९११ मध्ये डग्लस मॉसन यांच्यासमवेत ते अंटार्क्टिकाला गेले. १९१४ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजावरील २८ जणांत त्यांचा समावेश झाला.

जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रातील बर्फाने जहाजाला घेरले. बर्फाच्या दाबाने ते चिरडू लागल्यावर २७ ऑक्टोबरला सर्वांना जहाज सोडावे लागले. छायाचित्रांच्या काचपट्ट्या डाख देऊन बंद केलेल्या डब्यांत होत्या आणि ते डबे बुडालेल्या भागात अडकले होते. कपडे उतरवून हर्ली त्या गोठणाऱ्या पाण्यात शिरले आणि त्यांनी डबे बाहेर काढले.

खरी कसोटी पुढेच होती. होड्यांतून न्यायच्या सामानात प्रत्येकाला जेमतेम दोन पौंड वैयक्तिक वस्तूंची मुभा होती. शॅकल्टन आणि हर्ली यांनी बर्फावर बसून सुमारे १२० काचपट्ट्या निवडल्या. उरलेल्या सुमारे ४०० हर्ली यांनी तिथेच फोडून टाकल्या. त्या परत घेण्याचा मोह नको, हा त्यामागचा हेतू. मोठे, जड कॅमेरेही मागे राहिले. सोबत राहिला तो खिशात मावणारा ‘वेस्ट पॉकेट कोडॅक’ आणि फिल्मचे अवघे तीन रोल.

एप्रिल १९१६ मध्ये ते एलिफंट बेटावर पोहोचले. २४ एप्रिलला शॅकल्टन पाच सहकाऱ्यांसह मदत आणण्यासाठी ‘जेम्स केअर्ड’ या होडीतून निघाले. मागे राहिलेल्या २२ जणांत हर्ली होते. होडी रवाना होण्याचा तो क्षण आणि बेटावरचे खडतर दिवस त्याच छोट्या कॅमेऱ्याने टिपले. मोजके रोल जपून वापरावे लागले. ३० ऑगस्टला चिलीच्या ‘येल्चो’ जहाजाने सर्वांची सुखरूप सुटका केली.

हर्ली दृश्यपरिणामासाठी छायाचित्रांची जोडजुळवही करीत. ‘जेम्स केअर्ड’च्या रवानगीच्या दिवसाचे एक छायाचित्र पुढे फेरफार करून सुटकेचा प्रसंग म्हणून मांडले गेले. पहिल्या महायुद्धातील त्यांच्या अशाच जोडचित्रांवरून मोठा वाद झाला. १६ जानेवारी १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

बुडालेले ‘एन्ड्युरन्स’ २०२२ मध्ये सुमारे तीन हजार मीटर खोलीवर सापडले. हर्ली यांच्या काचपट्ट्यांमुळे ते जहाज आधीच जगाच्या परिचयाचे होते. बेटावरील माणसांचे तग धरून राहणे मात्र दिसले ते वजनाने नगण्य अशा त्या दुसऱ्या कॅमेऱ्यामुळेच.